पाचवा फेरस

कॅल्कोपायराइट + ४ फेरिक → तांबे + ५ फेरस + २ गंधक

एवढीच ओळ. पाच पदे, तीन आकडे, मध्ये एक बाण. तांब्याच्या खनिजाची बारीक पूड आम्लात विरघळवून धातू मिळवण्याची जी विद्या आहे, जिला कारखान्यात सरळ ‘लीचिंग’ म्हणतात, तिचा सारा संसार या ओळीवर उभा आहे. पाठ्यपुस्तकात ती एका समीकरणाच्या क्रमांकाखाली येते आणि वाचणारा पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. मला मात्र ही ओळ चांगल्या कवितेसारखी वाटत आली आहे: कमी शब्दांची, हिशेबाला पक्की आणि पुन्हा वाचली की आधी न दिसलेले काहीतरी दाखवणारी. म्हणून तिचे रसग्रहण करायचे आहे. रासायनिक चिन्हांऐवजी ती शब्दांत लिहिली आहे. पदे तीच आहेत, आकडेही तेच.

पहिले पद दगडाचे. कॅल्कोपायराइट म्हणजे तांबे, लोखंड आणि गंधक यांचे पितळेसारखे पिवळे, चमकणारे खनिज. तांब्याचा एक अणू, लोखंडाचा एक, गंधकाचे दोन. वजनाने पाहिले तर तांबे ३४.६ टक्के, लोखंड ३०.४ आणि गंधक ३५. जवळजवळ तीन सारखे वाटे. लायनस पॉलिंग आणि ब्रॉकवे यांनी १९३२ साली क्ष-किरणांनी या स्फटिकाची रचना नीट मांडली. तिच्यात गंधकाच्या प्रत्येक अणूभोवती दोन तांबे आणि दोन लोखंड असतात, आणि प्रत्येक धातूच्या अणूभोवती चार गंधक. लोखंडाला बाजूला सारून तांब्याला हात लावता येईल अशी एकही जागा या बांधणीत नाही. तांबे हवे तर तिघांनाही सोडवावे लागते. ओळीच्या डाव्या बाजूला एकच नाव आहे आणि उजव्या बाजूला तीन, त्याचे कारण हे.

जगातले बहुतांश तांबे याच खनिजात अडकलेले आहे. गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या खाणीतही मुख्यतः हेच निघते. खडकात त्याचे प्रमाण फार थोडे. शंभर किलो दगडात तांबे एक किलोच्या आसपास, पुष्कळ खाणींत त्याहूनही कमी. म्हणून दगड दळतात, पाण्यात कालवतात, झँथेटसारखी रसायने घालतात आणि खालून हवा सोडतात. गंधकयुक्त खनिजाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, वाळू खाली राहते. या फ्लोटेशनमधून जी काळपट-हिरवट पूड मिळते ती कॉन्सन्ट्रेट. तिच्यात तांबे साधारण २० ते ३० टक्के. ओळीतले पहिले पद प्रत्यक्षात ही पूड आहे, सोबत थोडे पायराइट (लोखंड आणि गंधक यांचे खनिज), थोडी वाळू आणि नजरेला न दिसणारे सोने-चांदी घेऊन आलेली.

या पुडीचा रूढ मार्ग भट्टीचा. फिनलंडमधल्या हार्याव्हाल्टा येथे १९४९ साली फ्लॅश स्मेल्टिंग सुरू झाले आणि ती पद्धत जगभर पसरली. भट्टीत गंधक जळतो, लोखंड मळी होऊन वेगळे होते, तांबे उरते. एक टन तांब्यामागे या खनिजात जवळजवळ एक टन गंधक असतो आणि तो जळला की दोन टन सल्फर डायऑक्साइड होतो. चांगले कारखाने तो वायू पकडून त्याचे गंधकाम्ल करतात, पण मग त्या आम्लाला गिऱ्हाईक हवे, जवळपास हवे आणि कायम हवे. भट्टी मोठी असली तरच परवडते. आर्सेनिक असलेली पूड तिला सोसत नाही. आपली ओळ या सगळ्याला दुसरा मार्ग सुचवते: गंधक जाळू नका, त्याला गंधक म्हणूनच खाली उतरवा.

आता दुसरे पद, चार फेरिक. पाण्यात विरघळलेले लोखंड दोन रूपांत असते. तीन इलेक्ट्रॉन गमावलेले ते फेरिक, दोन गमावलेले ते फेरस. फेरिकला एका इलेक्ट्रॉनची भूक असते आणि ती भागली की तो फेरस होतो. हिराकस आपल्याकडे ओळखीचा. तो या फेरसचाच क्षार. म्हणजे ओळीतले काम करणारे लोखंडच आहे. तांबे सोडवायला बाहेरून कोणतेही महागडे रसायन आणलेले नाही, त्याच दगडातल्या शेजाऱ्याचे विरघळलेले रूप वापरले आहे.

मात्र काम थोडके नाही. वजनाने हिशेब केला तर एक टन तांबे सोडवायला साडेतीन टन फेरिक लागतो. इतके लोखंड दर टनामागे नवे आणून ओतायचे म्हटले तर हा धंदा पहिल्याच दिवशी बुडेल. तो तगतो, कारण फेरस हा थकलेला फेरिक आहे. त्याला प्राणवायू दिला की तो पुन्हा फेरिक होतो आणि कामावर येतो. चार फेरसना प्राणवायूचा एक रेणू पुरतो. म्हणून एक टन तांब्याला खरा खर्च पडतो तो सुमारे अर्धा टन प्राणवायूचा. लोखंड नुसते ये-जा करते.

आम्लाच्या पाण्यात ही उलटी वाट फार संथ असते. निसर्गात ती चालते, ती सूक्ष्मजीवांमुळे. स्पेनमधली रिओ टिंटो नदी शतकानुशतके तांबूस वाहते, तो रंग फेरिक लोखंडाचा. कोळशाच्या खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्यात लोखंडावर जगणारा जिवाणू आहे, हे कोल्मर आणि हिंकल यांनी १९४७ साली दाखवले. आज त्याला ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स म्हणतात. फेरसचा फेरिक करताना सुटणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर हा जीव जगतो. तो नसता तर ही क्रिया जितकी रेंगाळली असती, तिच्या दहा लाख पटींच्या आसपास वेग तो देतो, असे सिंगर आणि स्टम यांनी १९७० साली मांडले. ओळीत या जीवाचा उल्लेख नाही, तरी उजवीकडचा फेरस डावीकडे परत जातो ती वाट बऱ्याच ठिकाणी तोच चालवतो.

आकड्यांकडे या. डावीकडे चार फेरिक, उजवीकडे पाच फेरस. हा पाचवा कुठून आला? दगडातून, हे उत्तर सोपे आहे. इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडला की ओळ खरी उघडते.

वर्णपटाच्या अभ्यासातून बहुतेक संशोधक मानतात की या दगडात तांबे एक इलेक्ट्रॉन गमावलेले असते आणि लोखंड तीन गमावलेले. म्हणजे दगडातले लोखंड आधीच फेरिक अवस्थेत बसलेले आहे. बाहेर पडताना तांबे आणखी एक इलेक्ट्रॉन सोडते. गंधकाचे दोन अणू मिळून चार सोडतात. सुटलेले इलेक्ट्रॉन पाच. ते घ्यायला बाहेरचे फेरिक चार आणि पाचवा दगडातलाच, तांब्याशेजारी बसलेला. गंधकाचे देणे बाहेरच्यांनी घेतले आणि तांब्याचे देणे घरातल्या लोखंडाने. इलेक्ट्रॉनावर नाव लिहिलेले नसते, तेव्हा कोणता कोणाकडे गेला हे कोणी पाहिलेले नाही. हा जमाखर्च आहे. पण जमाखर्च म्हणूनही तो फार देखणा आहे. चार आणि पाच यांच्यातल्या एका आकड्याच्या फरकात त्या स्फटिकाची आतली व्यवस्था लिहिलेली आहे. तांबे आणि लोखंड इतकी जवळ का होती, हे ती मोडताना कळते.

पुढे बाण. या ओळीतले सगळ्यात अवघड चिन्ह ते. बाण म्हणतो, हे इकडून तिकडे जाते. जाते खरे, पण किती वेळात, ते बाण सांगत नाही. कॉन्सन्ट्रेट फेरिकच्या कोमट द्रावणात टाकले की सुरुवातीला तांबे भराभर सुटते, द्रावण निळसर होते, आणि मग वेग पडत जातो. दगडाचा बराच भाग शिल्लक असतो, फेरिकही भरपूर असतो, तरी काम थांबल्यासारखे होते. कणाच्या पृष्ठभागावर एक पातळ थर बसलेला असतो. तो गंधकाचा की तांबे-गंधकाच्या अर्धवट फुटलेल्या साखळ्यांचा, की द्रावणातून येऊन बसलेल्या जॅरोसाइट या लोखंडाच्या क्षाराचा, यावर कित्येक दशके वाद चालू आहे. मला या वादाचे अप्रूप वाटते. इतक्या साध्या ओळीतला एक बाण अजून पूर्ण वाचता आलेला नाही, आणि तो वाचण्यासाठी माणसे आयुष्ये घालवतात.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. काम थांबले तर आणखी फेरिक घालावा, द्रावणाचा जोर वाढवावा, असे कोणालाही वाटेल. इथे जोर वाढवला की दगड आणखी मिटतो. द्रावणातला फेरिक आणि फेरस यांचा तोल मिलिव्होल्टमध्ये मोजतात. सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत तो साधारण ४०० ते ४५० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात असेल तर कॅल्कोपायराइट बरे विरघळते. त्याच्या खूप वर गेला तर ते मंदावते. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात हिरोयोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवले की द्रावणात तांबे असताना फेरस स्वतःच या विरघळण्याला हातभार लावतो. त्यांच्या मते तो आधी दगडाच्या पृष्ठभागाचे कॅल्कोसाइट करतो. कॅल्कोसाइट म्हणजे लोखंड नसलेले, तांब्याने भरलेले सल्फाइड. ते फेरिकपुढे सहज फुटते. हे कळल्यावर उजव्या बाजूचा फेरस नुसता थकून बाहेर पडलेला मजूर राहत नाही. त्याची द्रावणातली हजेरी डाव्या बाजूच्या दगडाला मऊ करते.

जिवाणूंची अडचणही इथेच आहे. ते इतक्या उत्साहाने फेरसचा फेरिक करतात की तोल भलताच वर जातो. ऑस्ट्रेलियात थर्ड, कॉर्ड-रुविश आणि वॉटलिंग यांनी २००२ साली उलटा उपाय छापला: जिवाणूंचा प्राणवायू मर्यादित ठेवा. त्यांची गती आवरली, तोल खाली राहिला आणि तांबे जास्त सुटले. कामगाराला श्वास कमी द्या म्हणजे काम जास्त होईल, हे ऐकायला विपरीत वाटते. ओळीच्या दृष्टीने ते अगदी सरळ आहे, कारण तिला चार फेरिक हवे आहेत, चारशे नव्हेत.

व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड डिक्सन आणि सहकाऱ्यांनी गॅल्व्हानॉक्स नावाची जी पद्धत काढली तीही याच बाणाचा अर्थ लावते. कॅल्कोपायराइट हा विजेचा अर्धवाहक आहे. त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन द्यायचे काम आणि फेरिकने ते उचलायचे काम, दोन्ही एकाच जागी चालतात, आणि उचलण्याचे काम तिथे फार अडखळते. त्यांनी पुडीत पायराइट जास्तीचे मिसळले. पायराइटचे कण कॅल्कोपायराइटला टेकले की इलेक्ट्रॉन तिकडे वाहतात आणि फेरिक ते पायराइटच्या अंगावरून उचलतो. साध्या हवेच्या दाबाला, सुमारे ८० अंशांच्या उष्णतेत, दगड काही तासांत विरघळतो. पायराइट स्वतः फारसे झिजत नाही. खाणवाले ज्याला फ्लोटेशनमध्ये बाहेर काढायला धडपडतात, तेच खनिज इथे मुद्दाम परत बोलावले आहे.

उष्णतेने बाण रेटण्याचा रस्ताही आहे, आणि त्यात गंधकाचे पद पुढे येते. गंधक ११९ अंशांच्या सुमारास वितळतो. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या बंद भांड्यात, १५० अंशांवर काम केले तर सुटलेला गंधक पातळ होऊन न विरघळलेल्या कणांवर पसरतो आणि त्यांचे गोळे करतो. जस्ताच्या लीचिंगमध्ये, कॅनडातल्या ट्रेल येथे १९८१ पासून, यावर लाकडाच्या लगद्यातून मिळणारे लिग्नोसल्फोनेट घालतात. त्याने गंधक कणांवरून सुटतो. तांब्यासाठी त्याच्या जोडीला पूड फार बारीक दळावी लागते. नाहीतर थेट २०० अंशांच्या वर जावे लागते. फेल्प्स डॉज कंपनीने २००३ साली ॲरिझोनातल्या बॅगडॅड येथे तसा कारखाना चालवून दाखवला. २२५ अंशांच्या आसपास गंधक उरतच नाही, तो सगळा गंधकाम्ल होतो. तांबे उत्तम सुटते, पण मग ती आपली ओळ राहत नाही. एक टन तांब्यामागे अर्धा टन प्राणवायूच्या जागी दोन टनांहून जास्त लागतो आणि आम्लाचा लोट हाती येतो. बॅगडॅडला शेजारीच ऑक्साइड खनिजाचे ढीग आम्लाची वाट पाहत होते, म्हणून ते जुळले. मला हा मार्ग ताकदीचा वाटतो, पण मूळ ओळीतला मोह, गंधकाला न जाळता सोडण्याचा, त्यात हरवतो.

उजव्या बाजूचे पहिले पद, तांबे, त्यावर थोडक्यात. ते विरघळलेले, निळे. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर जो मोरचूद वापरतात, त्याच्यातली निळाई याच तांब्याची. पूर्वी या पाण्यात भंगार लोखंड टाकत. लोखंड विरघळे आणि तांबे खाली बसे. चीनमध्ये सोंग काळात हे मोठ्या प्रमाणावर चाले, रिओ टिंटोला अठराव्या शतकापासून. आता केरोसिनसारख्या द्रवात मिसळलेले एक सेंद्रिय रसायन तांबे उचलते, लोखंड मागे ठेवते आणि उचललेल्या प्रत्येक तांब्याच्या बदल्यात आम्लाचे दोन प्रोटॉन परत देते. धंद्याच्या प्रमाणावर हे पहिल्यांदा ॲरिझोनातल्या ब्लूबर्ड खाणीवर १९६८ साली झाले. पुढे वीज लावून ९९.९९ टक्के शुद्धतेचे पत्रे मिळतात.

ते परत आलेले दोन प्रोटॉन मला महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांच्यामुळे पाचव्या फेरसचा अर्थ लागतो.

चार फेरसचे पुन्हा चार फेरिक करताना प्राणवायूबरोबर आम्लाचे चार प्रोटॉन खर्च होतात. त्यातले दोन तांब्याने परत दिले. उरले दोन. ते कोण देणार? पाचवा. हा लोखंडाचा कण तर जास्तीचा आहे. प्रत्येक फेऱ्यात एक वाढत गेला तर काही दिवसांत द्रावण लोखंडाने दाटेल. म्हणून त्याला बाहेर काढावेच लागते. एक टन तांब्यामागे असे ८८० किलो लोखंड साचते. त्याला फेरिक करताना एक प्रोटॉन जातो, आणि मग तो पाण्याशी क्रिया करून गोएथाइट या लोखंडाच्या खनिजाच्या रूपात खाली बसला की तीन प्रोटॉन सुटतात. निव्वळ शिल्लक दोन. चार गेले, दोन आणि दोन आले. हिशेब शून्यावर येऊन थांबतो. प्रत्यक्षात वाळूतली खनिजे थोडे आम्ल खातात, थोडा गंधक आम्ल होऊन ते भरून काढतो, लोखंड जॅरोसाइट होऊन बसले तर आम्ल कमी परत मिळते. कारखान्यातले आकडे इतके गोल नसतात. तरी कागदावर हा ताळेबंद पहिल्यांदा जुळवून पाहावा. ज्याला आपण टाकाऊ म्हणून गाळातून बाहेर फेकतो, त्या लोखंडाने जाता जाता सगळ्या फेऱ्याचे आम्ल फेडलेले असते. तांब्याशेजारी बसून त्याचा इलेक्ट्रॉन घेणारा तो, आणि शेवटचे देणे चुकते करणाराही तोच.

ओळीचे एक न्यून मात्र सांगायलाच हवे. तिच्यात सोने-चांदी नाहीत. कॉन्सन्ट्रेटमध्ये ती असतात, आणि पुष्कळ खाणींचा नफा त्यांच्यावरच असतो. भट्टीत ती तांब्याबरोबर वितळून येतात आणि तांबे शुद्ध करताना धनाग्राखालच्या गाळात सापडतात. यात भट्टी सरस, हे मान्य केले पाहिजे. लीचिंगमध्ये सोने गंधकाच्या गाळात मागे राहते. तो गाळ सायनाइडला दिला तर गंधक सायनाइडला थायोसायनेट करून खाऊन टाकतो. म्हणून आधी गंधक काढा, मग सोन्याकडे वळा.

चांदीची कथा आणखी गुंतलेली. चांदीचे अगदी थोडे आयन द्रावणात असले तर कॅल्कोपायराइटवरचा तो हट्टी थर सच्छिद्र होतो आणि तांबे वेगाने सुटते. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८० च्या आसपास तपशिलाने तपासले. गॅल्व्हानॉक्सवाल्यांनाही पायराइटला चांदीचा अंश लावल्यावर वेग वाढलेला दिसला. म्हणजे बाण उघडायला चांदी मदत करते. पण लोखंड जॅरोसाइट होऊन बसताना द्रावणातली चांदी स्वतःच्या स्फटिकात ओढून घेते, आणि तिथे सायनाइड तिच्यापर्यंत पोचत नाही. मग तो गाळ चुन्याबरोबर उकळत्या तापमानाला ठेवून जॅरोसाइट मोडावा लागतो, तेव्हा चांदी मोकळी होते. सोने-चांदीसाठी जो कोणी ही ओळ पुढे लिहील, त्याला उजव्या बाजूच्या पाचव्या फेरसपासूनच सुरुवात करावी लागेल: तो गोएथाइट होऊन बसतो की जॅरोसाइट, आणि बसताना कोणाला बरोबर नेतो.